चार चौरस सेंटीमीटर कातडी: बोखुममधल्या मुलाचे प्रकरण

जून २०१५ मध्ये जर्मनीतल्या बोखुम शहरात, भाजलेल्या मुलांच्या विभागात सात वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. तो कुठे भाजला नव्हता. पण कातडी निघून उघडे पडलेले अंग, त्यातून सतत पाझरणारे पाणी, जंतुसंसर्ग आणि ताप ही अवस्था जबर भाजलेल्या माणसाचीच असते, आणि असे अंग सांभाळण्याचा सराव त्याच विभागाला असतो. कुटुंब सीरियातून निर्वासित म्हणून आलेले. एका जनुकीय आजारामुळे मुलाच्या अंगावर जन्मापासूनच फोड येत होते. हात, पाय, पाठ, कुशी, जिथे घासले जाईल तिथे. दाखल होण्याआधी साधारण सहा आठवडे जखमांमध्ये स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि स्यूडोमोनास हे जंतू शिरले आणि तिथून प्रकृती ढासळत गेली. रुग्णालयात आल्यावर थोड्याच दिवसांत शरीराच्या सुमारे ६० टक्के भागावरची बाह्यत्वचा गेली.

डॉक्टरांनी हाताशी होते ते सगळे उपाय केले. प्रतिजैविके, वारंवार ड्रेसिंग, नळीवाटे पोषण, वेदना सुसह्य व्हावी म्हणून मॉर्फिन. वडिलांची त्वचा घेऊन लावून पाहिली. मुलाच्या शरीराने ती नाकारली. शरद ऋतूपर्यंत उघड्या पडलेल्या अंगाचे प्रमाण ८० टक्क्यांच्या घरात गेले. आता फक्त यातना कमी करायच्या, या टप्प्याशी उपचार करणारे लोक येऊन पोहोचले होते. आईवडिलांना ते मान्य नव्हते. काहीही करा, पण करून पाहा, असा त्यांचा आग्रह होता. म्हणून प्लास्टिक सर्जन टोबियास हिर्श, बालरोगतज्ज्ञ टोबियास रोथॉफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वैद्यकीय नियतकालिके धुंडाळली. इटलीतल्या मोदेना विद्यापीठात मिकेले दे लुका यांनी याच आजाराच्या एका प्रौढ रुग्णाच्या पायांवर जनुक दुरुस्त केलेली त्वचा लावली होती, असा अहवाल त्यांना सापडला. त्यांनी दे लुकांशी संपर्क साधला.

नोव्हेंबर २०१७ मध्ये 'नेचर'मध्ये या उपचाराचा अहवाल आला आणि जगभर बातमी झाली की मूलपेशींनी (स्टेम सेल, म्हणजे सतत विभागून नव्या पेशी पुरवत राहणाऱ्या पेशी) एका मुलाला नवी कातडी दिली. बातमी खरी होती. मला हे प्रकरण सविस्तर मांडावेसे वाटते ते मात्र थोड्या वेगळ्या कारणाने. 'स्टेम सेल' हा शब्द आपल्याकडे कुठल्याही आजारावर चालणाऱ्या औषधासारखा वापरला जातो. गुडघेदुखीपासून स्वमग्नतेपर्यंत सगळीकडे. बोखुमच्या प्रकरणात मात्र कुठली पेशी, शरीराच्या कुठल्या भागातली, तिच्यात काय बदलले, ती कुठे नेऊन ठेवली आणि पुढे तिने खरोखर काम केले का, यातल्या प्रत्येक प्रश्नाला तपासता येईल असे उत्तर आहे. मूलपेशींची वैद्यकातली ताकद समजून घ्यायला याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

आजार नेमका कुठे आहे

आपली बाह्यत्वचा खालच्या अंतस्त्वचेला एका अतिशय पातळ पटलाने जोडलेली असते. बाह्यत्वचेच्या सर्वांत खालच्या थरातल्या पेशी या पटलाला घट्ट धरून बसतात, आणि ही पकड ज्या प्रथिनांवर अवलंबून असते त्यांत लॅमिनिन-३३२ हे महत्त्वाचे. त्याच्या तीन साखळ्या असतात आणि तिन्हींची जनुके वेगवेगळी. या मुलात त्यांपैकी एलएएमबी३ या जनुकाच्या दोन्ही प्रतींत एकच दोष होता. त्यामुळे लॅमिनिन धड तयारच होत नव्हते आणि बाह्यत्वचा खाली धरून राहत नव्हती. भिंत ओली न करता मारलेला गिलावा जसा हलक्या धक्क्यानेही पोपड्यांनी सुटतो, तशी ती सुटत होती. या आजाराला जंक्शनल एपिडर्मोलिसिस बुलोसा म्हणतात. त्याने ग्रासलेल्या मुलांपैकी ४० टक्क्यांहून अधिक मुले किशोरवयापर्यंत पोहोचत नाहीत.

फोड येणे ही या आजाराची डोळ्यांना दिसणारी बाजू. दुसरी बाजू पुढे २०१९ मध्ये दे लुकांच्याच गटाने दाखवून दिली: लॅमिनिन-३३२ नसले की त्वचेतल्या मूलपेशीच हळूहळू संपत जातात. पेशी पटलाला धरून बसलेली असते तेव्हा त्या पकडीतून तिला संकेत मिळत असतात, आणि वायएपी नावाचे प्रथिन ते संकेत केंद्रकापर्यंत पोहोचवते. पकड गेली की संकेत जातो, आणि मूलपेशी आपले मूलपेशीपण टिकवू शकत नाही. म्हणजे अशा मुलाची त्वचा नुसती फाटत नाही. फाटलेले भरून काढण्याची तिची शक्तीही वर्षागणिक कमी होते. सात वर्षांच्या मुलाच्या अंगावर कित्येक जखमा कधीच का भरत नव्हत्या, हे यातून कळते. उपचाराला इतके कमी भांडवल का उरले होते, तेही.

एका तंत्राची चाळीस वर्षे

मोदेनाच्या प्रयोगशाळेत जे झाले त्याची मुळे बॉस्टनजवळ आहेत. १९७५ मध्ये हॉवर्ड ग्रीन आणि जेम्स राइनवाल्ड यांनी माणसाच्या बाह्यत्वचेच्या पेशी काचेच्या थाळीत वाढवण्याची रीत शोधली. त्या पेशी एकट्या वाढत नसत. उंदराच्या पेशींचा एक प्रकार किरणोत्साराने असा करून घ्यायचा की त्या विभागणार नाहीत, पण जिवंत राहून पोषक द्रव्ये पुरवतील. त्यांच्या थरावर माणसाच्या पेशी सोडल्या की त्या वसाहती करून वाढतात. आजही ही रीत जवळपास तशीच आहे.

१९८३ मध्ये अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातल्या कॅस्पर गावी पाच आणि सहा वर्षांचे दोन भाऊ ९५ टक्क्यांहून अधिक भाजले. एवढे भाजलेले मूल तेव्हा वाचत नसे, कारण लावायला स्वतःची कातडीच उरलेली नसे. बॉस्टनच्या श्राइनर्स रुग्णालयात त्यांच्या काखेतल्या वाचलेल्या त्वचेचे लहान तुकडे घेऊन ग्रीन यांच्या पद्धतीने त्यांचे पातळ पापुद्रे तयार केले आणि अंगाच्या जवळपास निम्म्या भागावर लावले. दोघेही जगले. मूलपेशींच्या उपचारांची गोष्ट सांगताना लोक बहुधा १९९८ पासून, मानवी भ्रूणातल्या मूलपेशी वेगळ्या काढल्या तिथून, सुरुवात करतात. रुग्ण वाचवण्याच्या बाबतीत त्वचा त्याच्या दीड दशक आधीच पुढे होती, आणि तिच्यासाठी भ्रूणाची गरजही पडली नव्हती.

१९८७ मध्ये यान बारांदों आणि ग्रीन यांनी थाळीतल्या वसाहती एकेका पेशीपासून वाढवून पाहिल्या आणि त्यांचे तीन प्रकार पाडले. पहिल्या प्रकारची पेशी प्रचंड विभागते, तिच्या वसाहतीतल्या जवळपास सगळ्या लेकी पुन्हा वाढतात. तिला होलोक्लोन म्हणतात. दुसरी मधली, मेरोक्लोन. तिसरी, पॅराक्लोन, थोड्या पिढ्यांतच थकते. होलोक्लोन म्हणजेच खरी मूलपेशी, बाकी दोन तिच्या अल्पायुषी संततीतल्या, असा अंदाज होता. माणसाच्या अंगावर तो सिद्ध मात्र झाला नव्हता. हा धागा लक्षात ठेवावा, कारण बोखुमच्या मुलाने तो प्रश्न सोडवला.

दे लुका ग्रीन यांच्या प्रयोगशाळेत शिकले आणि ग्राझिएल्ला पेलेग्रिनी यांच्यासोबत त्यांनी ही विद्या इटलीत रुजवली. १९९७ मध्ये त्यांनी डोळ्याच्या बुबुळाच्या कडेला असलेल्या मूलपेशी वाढवून, रसायनाने भाजलेले डोळे दुरुस्त केले. २००५ च्या सुमारास एपिडर्मोलिसिसच्या त्या पहिल्या प्रौढ रुग्णावर जनुक-उपचार केला. त्या रुग्णासाठी पेशी कुठून घ्यायच्या हाच प्रश्न होता, कारण आजारी त्वचेत मूलपेशी फारशा उरलेल्या नव्हत्या. तळहाताच्या त्वचेत पुरेशा सापडल्या. त्यांपासून वाढवून मांडीवर लावलेली त्वचेची कलमे धरली आणि टिकली. पण त्यानंतर युरोपात अशा उपचारांसाठी औषधनिर्मितीचे कडक नियम आले आणि विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तयार झालेली त्वचा रुग्णाला लावणे अशक्य झाले. नियमांत बसणारी निर्मितीची सोय उभी करण्यासाठी २००८ मध्ये होलोस्टेम ही कंपनी स्थापन झाली. मधली वर्षे त्यातच गेली. ऑस्ट्रियात दुसऱ्या रुग्णावर, एका प्रौढ स्त्रीच्या पायावर, हा उपचार २०१४ मध्ये झाला. नियम नकोत असे मी म्हणणार नाही. मुलाच्या अंगावर जवळपास चौरस मीटरभर जनुक-बदललेली त्वचा लावायची वेळ आली तेव्हा ती स्वच्छ, तपासलेली आणि मोजलेली होती, ती याच सोयीमुळे.

शस्त्रक्रिया

जर्मन नियामकांनी इतर काही उपाय उरला नसल्याने विशेष परवानगी दिली. सप्टेंबर २०१५ मध्ये मुलाच्या डाव्या जांघेतून, त्या वेळी फोड नसलेल्या जागेतून, चार चौरस सेंटीमीटर त्वचा काढून मोदेनाला पाठवली. तिथे तिच्या पेशी सुट्या केल्या आणि त्यांत निरोगी एलएएमबी३ जनुक घातले. जनुक आत नेण्याचे काम निष्प्रभ केलेल्या रेट्रोव्हायरसचे. हा विषाणू आपला मजकूर पेशीच्या गुणसूत्रात कायमचा चिकटवतो, म्हणून पेशी विभागली तरी दुरुस्ती हरवत नाही. मग पेशी वाढवून त्यांचे पापुद्रे केले, काही फायब्रिनच्या (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या) थरावर, काही प्लास्टिकवर. सगळे मिळून ०.८५ चौरस मीटर, म्हणजे घेतलेल्या तुकड्याच्या दोन हजार पटींहून अधिक.

ऑक्टोबरमध्ये हातपायांवर पहिली कलमे लागली, नोव्हेंबरमध्ये पाठीवर आणि उरलेल्या बऱ्याच भागावर, आणि जानेवारी २०१६ मध्ये राहिलेल्या जागांवर. अंतस्त्वचा शाबूत होती, कारण हा आजार त्या पातळ पटलापाशीच थांबतो. त्यामुळे कलमाला बसायला जिवंत बैठक मिळाली. पूर्ण खोलवर भाजलेल्या माणसात ती नसते, आणि या प्रकरणाचे यश वाचताना तो फरक ध्यानात ठेवायला हवा. पापुद्रे मोजक्या पेशींच्या जाडीचे, हात लावला तर फाटतील असे. ते धरेपर्यंत मुलाला हलू न देणे, जंतूंना दूर ठेवणे आणि तरीही श्वसन, पोषण, वेदना यांकडे क्षणोक्षणी लक्ष ठेवणे हे परिचारिकांचे आणि अतिदक्षता विभागाचे काम होते. बातम्यांत प्रयोगशाळेचे छायाचित्र आले. मला वाटते निम्मे श्रेय त्या पलंगाशेजारी उभ्या असलेल्या लोकांचे आहे.

सगळीकडे एकाच झटक्यात यश आले असे नाही. कुशी, छाती, मांड्या, उजवा हात, खांदे इथल्या काही जागा उघड्याच राहिल्या. पण पुढच्या काही महिन्यांत शेजारची धरलेली नवी त्वचा पसरत गेली आणि त्यांतल्या बहुतेक जागा तिने आपणहून भरून काढल्या. निरोगी त्वचेचे हे नेहमीचे काम. जन्मापासून जे करता येत नव्हते ते आता त्याची त्वचा करू लागली होती. फायब्रिनवर वाढवलेल्या आणि प्लास्टिकवर वाढवलेल्या कलमांत लक्षणीय फरक दिसला नाही.

फेब्रुवारी २०१६ मध्ये मुलगा घरी गेला आणि मार्चमध्ये शाळेत. अहवाल लिहिला तेव्हा पहिल्या शस्त्रक्रियेला २१ महिने झाले होते. नवी त्वचा फोड न येता टिकली होती, जखम झाली तर भरत होती, मलमपट्टी लागत नव्हती. तिच्या पेशींत लॅमिनिन योग्य जागी दिसत होते आणि पटलाची बांधणी निरोगी माणसासारखी होती. शरीराने नव्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार केल्याचे आढळले नाही, हेही महत्त्वाचे. ज्या मुलाच्या शरीराने हे प्रथिन धडपणे कधी पाहिलेच नव्हते, त्याच्यात ती भीती खरी होती.

त्या मुलाच्या त्वचेने शास्त्राला काय सांगितले

विषाणू आपला मजकूर गुणसूत्रात जिथे चिकटवतो ती जागा प्रत्येक पेशीत वेगळी असते. एका पेशीची सगळी संतती तीच जागा वारसाने घेते. म्हणून त्वचेचा तुकडा काढून या जागा वाचल्या तर कुठल्या पेशी कुठल्या मूळ पेशीपासून आल्या, याची वंशावळच हाती येते. कलमे तयार करताना थाळीत अशा हजारो वेगवेगळ्या जागा होत्या. कलमानंतर चार आणि आठ महिन्यांनी मुलाच्या त्वचेतले नमुने तपासले तेव्हा त्यांची संख्या खूपच घटलेली होती. जे वंश टिकले ते होलोक्लोनच्या खुणांशी जुळत होते. मेरोक्लोन आणि पॅराक्लोन यांनी सुरुवातीला अंग झाकले आणि मग ते गळून गेले. बाह्यत्वचा साधारण महिन्याला नवी होते. २१ महिन्यांत वीसहून अधिक वेळा ती नव्याने बनली, आणि प्रत्येक वेळी ती मोजक्या दीर्घायुषी पेशींनीच बनवली.

बारांदों आणि ग्रीन यांनी तीस वर्षांपूर्वी थाळीत पाहिलेले वर्गीकरण अशा रीतीने जिवंत माणसाच्या अंगावर पडताळून मिळाले. त्वचेच्या सगळ्या तळपेशी कमी-अधिक सारख्याच असतात, असे मानणाऱ्या शास्त्रज्ञांच्या मताला याने मोठा धक्का बसला. आणि व्यवहारात याचा अर्थ अगदी सरळ निघतो: कलमात पेशी किती कोटी आहेत हे विचारून उपयोग नाही, त्यांत होलोक्लोन किती आहेत हे विचारावे लागते. ते कमी असले तर अंग आज झाकले जाईल आणि काही आठवड्यांनी पुन्हा उघडे पडेल. लहान मुलाच्या जांघेतल्या त्वचेत त्या पुरेशा उरल्या होत्या, हे या मुलाचे नशीब. आजार आणखी काही वर्षे चालला असता तर काय झाले असते, याचा विचार केला की उपचार लवकर का हवा ते कळते.

धोका होता, आणि तो माहीत असूनही पत्करलेला होता. याच कुळातल्या विषाणूचा वापर करून पॅरिसमध्ये १९९९ पासून आणि पुढे लंडनमध्ये जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलग्यांवर जनुक-उपचार झाले होते. मुले बरी झाली, पण काही जणांत विषाणूचा मजकूर कर्कजनक जनुकाशेजारी जाऊन बसला. पॅरिस आणि लंडन मिळून पाच मुलांना रक्ताचा कर्करोग झाला, त्यांतला एक दगावला. त्वचेबाबतीत आशेला जागा होती ती अशी की पेशी शरीरभर फिरत नाहीत, काही विपरीत वाढले तर डोळ्यांना दिसते आणि कापून काढता येते. बोखुमच्या मुलाच्या पेशींत कुठला एक वंश बेसुमार वाढून बसलेला आढळला नाही. पाच वर्षांनंतरचा अहवाल २०२१ मध्ये आला. त्वचा टिकलेली होती आणि गाठ आढळली नव्हती. तरी अशा मुलाला आयुष्यभर तपासणीत ठेवावे लागते.

मर्यादा सांगायलाच हव्यात. कलम न लावलेल्या भागांत आजार तसाच राहिला आहे. लॅमिनिन-३३२ तोंडाच्या आणि इतर आतल्या अस्तरांतही लागते. त्वचेचे पापुद्रे तिथे उपयोगाचे नाहीत. जंक्शनल प्रकाराच्या सर्वांत तीव्र रूपात तान्ही बाळे पहिल्या एक-दोन वर्षांतच जातात, त्यांच्यासाठी एवढा वेळ मिळणेही कठीण. आणि हा एका मुलाचा अनुभव आहे.

आपल्याकडे

भारतात या विद्येची एक शाखा खरोखर रुजलेली आहे, ती डोळ्यांत. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत २००१ पासून बुबुळाच्या कडेच्या मूलपेशी वाढवून लावल्या गेल्या. आपल्याकडे डोळे असे भाजण्याचे एक कारण फार ओळखीचे आहे: तंबाखूबरोबरचा चुना. चुन्याची पुडी दाबताना फुटते आणि जवळ खेळणाऱ्या मुलाचा डोळा भाजतो. २०१२ मध्ये डॉ. वीरेंद्र संगवान आणि सहकाऱ्यांनी पेशी प्रयोगशाळेत वाढवण्याची पायरीच काढून टाकणारी रीत प्रसिद्ध केली. चांगल्या डोळ्याच्या कडेचा दोन मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, त्याचे आठ-दहा कण करायचे, गर्भावरणाच्या पातळ पडद्यावर ते फायब्रिन गोंदाने बसवायचे आणि डोळ्यालाच प्रयोगशाळा होऊ द्यायची. एकच शस्त्रक्रिया, महागडी स्वच्छ-खोली नाही. युरोपात याच आजारासाठी मोदेनाच्या गटाचे होलोक्लार हे औषध २०१५ मध्ये मंजूर झाले, मूलपेशींवर आधारलेले तिथले पहिले. दोन्ही मार्ग एकाच पेशीच्या ज्ञानावर उभे आहेत, आणि गरीब रुग्णाच्या दृष्टीने हैदराबादचा मार्ग मला अधिक मोलाचा वाटतो. पूर्ण अंगाच्या कातडीसाठी तो चालणार नाही, कारण तिथे पेशी हजारो पटींनी वाढवाव्याच लागतात आणि जनुकही बदलावे लागते.

याच्या शेजारी दुसरे चित्र आहे. मुंबई-पुण्यापासून लहान शहरांपर्यंत जाहिराती दिसतात: स्टेम सेल घ्या, मेंदूचा पक्षाघात बरा, मधुमेह बरा, स्वमग्नता बरी. कंबरेच्या हाडातला रस किंवा पोटाची चरबी काढतात, त्यातल्या पेशी शिरेत नाहीतर पाठीच्या कण्यात टोचतात आणि आईबापांकडून लाखांत पैसे घेतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे या बाबतीत स्पष्ट आहेत. रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी होणारे अस्थिमज्जा-रोपण सोडले तर बाकीचे मूलपेशी-उपचार प्रायोगिक धरायचे. ते परवानगी असलेल्या चाचणीतच करायचे आणि चाचणीतल्या रुग्णाकडून त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. मूल आजारी असलेल्या आईबापांना मी नावे ठेवणार नाही. बोखुमचे आईबापही 'काहीही करा' म्हणालेच होते. फरक समोर कोण होते याचा आहे. तिथल्या डॉक्टरांना मुलाचे बिघडलेले जनुक माहीत होते, ते दुरुस्त केल्यावर कुठली पेशी कुठे जाऊन काय करील हे माहीत होते, आणि ती गेली की नाही हे नंतर मोजायची तयारी होती. रक्तातल्या किंवा चरबीतल्या पेशीने मेंदूत जाऊन चेतापेशी व्हावे, असे कुणी सांगत असेल तर त्याला विचारा: ती तिथे पोहोचल्याचे आणि टिकल्याचे तुम्ही कसे पाहिलेत?

खर्चाबद्दल खोटी आशा दाखवण्यात अर्थ नाही. होलोस्टेमला पाठबळ देणाऱ्या औषधकंपनीने हात काढून घेतल्यावर ती बंद पडण्याच्या बेतात आली, आणि २०२३ मध्ये सरकारी पैशावर चालणाऱ्या एका इटालियन प्रतिष्ठानाने ती वाचवली. एवढे यश मिळालेली कंपनी स्वतःच्या बळावर तरत नाही, कारण असे रुग्ण जगात फार थोडे. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने एपिडर्मोलिसिसच्याच दुसऱ्या, डिस्ट्रॉफिक प्रकारासाठी जनुक-दुरुस्त त्वचेच्या कलमांना मंजुरी दिली. त्यात रुग्णाच्याच पेशींत कोलॅजन-७ चे जनुक घालतात. किंमत सुमारे ३१ लाख डॉलर जाहीर झाली. भारतातल्या कुटुंबाला ही रक्कम सांगण्यात काही हशील नाही. अशा उपचारांची निर्मिती सरकारी संस्थांतच, ना-नफा तत्त्वावर व्हायला हवी असे माझे ठाम मत आहे. हैदराबादच्या अनुभवाने ते स्वप्नवत राहिलेले नाही.

तोवर महाराष्ट्रात करण्यासारखे एक काम आहे, आणि त्याला तीस लाख डॉलर लागत नाहीत. हा आजार दोन्ही पालकांकडून एकेक सदोष प्रत आली तरच होतो. पालक स्वतः निरोगी असतात. प्रत्येक गर्भारपणात धोका चारात एक. नात्यात लग्ने होणाऱ्या घरांत, मामाची मुलगी किंवा आतेभाऊ करण्याची रीत असलेल्या आपल्या कित्येक समाजांत, दोघांकडे तीच प्रत असण्याची शक्यता वाढते. फोड घेऊन जन्मलेले बाळ काही दिवसांत गेले की घरचे आणि कधीकधी डॉक्टरही 'कातडीचा जंतुसंसर्ग' म्हणून विषय बंद करतात. तसे होऊ नये. बाळ हाती असताना, किंवा गेल्यावर लगेच, त्याच्या रक्ताचा नमुना जपून डीएनए तपासणीला पाठवावा, आईवडिलांचेही नमुने घ्यावेत, आणि निदान लेखी द्यावे. नेमका दोष माहीत असेल तर पुढच्या गर्भारपणात अकराव्या-बाराव्या आठवड्यालाच वारेच्या तुकड्यावरून तपासणी होऊ शकते. मोठ्या शहरांतल्या जनुकशास्त्र विभागांत हे होते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या बालरोगतज्ज्ञाने आणि प्रसूतितज्ज्ञाने ते सुचवण्याची, आणि घरच्यांनी संकोच न करता मागण्याची गरज आहे.